विहार बांधून राहिलो

आमच्या मंडळाचे अध्यक्ष वर्षातले तीन महिने मंडळाचे अध्यक्ष असत आणि उरलेले नऊ महिने नुसतेच अध्यक्ष असत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की पांढुर्ण्यातल्या आमच्या बौद्ध वस्तीतली चाळीसएक पोरं रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला येऊन बसत. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, की तीच पोरं कापूस वेचायला, संत्री तोडायला, ट्रक भरायला पांगत. ज्यांचे नातेवाईक नागपूरला होते ती नागपूरला जात, आणि पुढच्या आषाढात त्यांच्या जागी त्यांचे धाकटे भाऊ येऊन बसत. मधल्या काळात मंडळात अध्यक्ष आणि सचिव एवढेच उरत. सचिव मी होतो. अक्षर बरं असणं आणि दुसरीकडे कुठे जायला नसणं, या दोन गुणांवर माझी निवड झाली होती.

अध्यक्षांना सगळे मामा म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही म्हणत. बाजारातला किराणावाला एरवी आमच्या वस्तीतल्या कुणाला नात्याने हाक मारत नसे, तोही मामा म्हणे. ते रेल्वेत चाबीवाले होते. तिगावच्या बाजूचा लाईनीचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन रोज सकाळी तो तुकडा पायी चालायचा, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी एखादी चाबी ढिली दिसली की ठोकून बसवायची, शेवटाला पोचलं की मागे फिरायचं. वीस-बावीस वर्षं हेच. मला वाटतं, या नोकरीने त्यांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची ठोकून बसवली होती: आज घट्ट केलेलं उद्या ढिलं होणारच, आणि त्याबद्दल कुणावर रागावण्यात अर्थ नाही. तरुण मंडळ चालवायला याहून चांगलं शिक्षण मला तरी माहीत नाही.

मी तेव्हा नागपूरहून मराठी विषय घेऊन बी.ए. होऊन परतलो होतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मराठीतल्या बी.ए.ची मध्य प्रदेशात कुणाला गरज नव्हती. आम्ही मराठी बोलतो, याचीच मध्य प्रदेशाला फारशी गरज नव्हती. तेव्हा मी नोकरीचे अर्ज लिहीत असे आणि उरलेल्या वेळात मंडळाची पत्रं लिहीत असे. दोन्हींना सारखीच उत्तरं येत, म्हणजे येत नसत.

ऋतू बदलला की मामा मंडळाची ड्यूटी बदलत. हा त्यांचाच शब्द. पावसाळ्याची ड्यूटी वाचनाची, हिवाळ्याची दौऱ्याची, उन्हाळ्याची बांधकामाची. बांधकाम विहाराचं होतं. दर उन्हाळ्यात, जी काही पोरं हाताशी असतील त्यांना घेऊन मामा भिंती हातभर वर नेत, आणि पावसाळा लागला की काम थांबे. मी सचिव झालो तेव्हा भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. त्यांच्यावर ताडपत्री टाकून आम्ही आत वाचन करत असू. विहारावर पुढे स्लॅब पडला, पण तो मामांच्या नंतर.

पावसाळ्यातला सगळ्यात अवघड दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्ण्याचे लोक अलीकडून, सावरगावचे पलीकडून एकमेकांवर गोटे मारतात. ही गोटमार आहे, तिला परंपरा आहे, आणि ती बंद करावी असं दरवर्षी कुणीतरी मोठं माणूस म्हणतं. मामा ती बंद करा असं कधी म्हणाले नाहीत. पहिल्या वर्षी त्यांनी फक्त एवढं जाहीर केलं, की जो गोटे मारायला जाईल त्याला आठ दिवस वाचनाला बसू देणार नाही. त्या वर्षी आठ दिवस मी आणि ते असे दोघांनीच वाचन केलं. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी शिक्षा बदलली. ते हळदीचा डबा आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या घेऊन नदीकाठी बसू लागले. ज्याचं डोकं फुटे तो मामांकडे येई. मामा पट्टी बांधत आणि बांधता बांधता त्याच्याकडून पहिलं शील म्हणवून घेत: पाणातिपाता वेरमणी, जीवहिंसेपासून मी दूर राहीन. रक्ताळलेल्या तोंडाने पोरगं ते म्हणे, हात जोडे, आणि उठून पुन्हा गोटे मारायला जाई. पाटलांची, कुणब्यांची पोरंही येत. ती मंत्र बिनचूक म्हणत, कारण त्याने रक्त थांबतं अशी त्यांची समजूत झाली होती. सावरगावचा एकजण तर एकाच दुपारी दोनदा आला. मामांनी त्याला ओळखलं आणि म्हणाले, "तू मगाशी घेतलं होतं बे शील. का केलं त्याचं?" तो म्हणाला, "सुटून गेलं मामा, घाईघाईत बांधलं होतं तुमी."

हिवाळ्याच्या दौऱ्याचं प्रकरण निराळं होतं. आजूबाजूच्या गावात जायचं, एखादी विहीर उपसायची, शाळेला चुना मारायचा, डोळ्यांच्या शिबिराला म्हाताऱ्यांना हाताला धरून न्यायचं, याला मामा दौरा म्हणत. आमच्याकडे हिंदीमुळे दौरा पडतोही, म्हणजे फिट येते. त्यामुळे मार्गशीर्षात मामा पिशवी भरायला लागले की मामी शेजारणीला सांगत, "याहीले दौरा आला. आता चार दिवस काई उमजत नाई."

असाच एक दौरा रामाकोन्याला होता. सौसरपर्यंत बस, पुढे छोटी गाडी. नागपूर-छिंदवाड्याच्या त्या छोट्या लाईनीबद्दल मामांना मोठ्या लाईनीच्या माणसाला वाटावा तेवढा तुच्छभाव होता. एखादा पुढारी फार फुगून बोलायला लागला, की ते माझ्या कानाशी म्हणत, "छोट्या लाईनीवर मोठं इंजिन." रामाकोन्याच्या सरपंचांनी हार घातले. तरुण ही राष्ट्राची संपत्ती कशी, हे सांगायला त्यांनी पाऊण तास घेतला. त्यानंतर मामांनी विहीर विचारली. गावातल्या मोठ्या विहिरीतला गाळ काढायचा असं पत्राने ठरलं होतं. सरपंच म्हणाले, ती विहीर साफच आहे, तुम्ही आपला नाला घ्या. का साफ आहे, हे आम्हां पंधरा जणांना कळलं, सरपंचांना कळलं आणि विहिरीवरच्या बायांनाही कळलं. आम्ही नाला घेतला. दुपारी तीनपर्यंत तो निघाला. मग मामांनी हातपाय धुतले, सरळ त्या विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले आणि आम्हांलाही बसवलं. सरपंच चहाचं विचारायला आले. मामा अगदी सहज म्हणाले, "इहीर साफ हाय म्हनता ना? मंग पानी पाजा."

सरपंचांनी घरून माठ मागवला. मामा म्हणाले, माठातलं नको, साफ विहिरीचं पाजा. आम्ही बसून राहिलो. संध्याकाळची छोटी गाडी शिटी देऊन निघून गेली, तरी बसून राहिलो. शेवटी एक कुणब्याची म्हातारी आपली बादली आणि दोर घेऊन आली. तिने पाणी ओढलं आणि बादली मामांपुढे ठेवली. "पी बापा," ती म्हणाली, "बादली माही हाय. कोनाले का म्हनाचं थे मले म्हनतीन." मामा प्यायले, आम्ही सगळे प्यायलो. गाडी गेली होती, तेव्हा सौसरपर्यंत रुळाच्या कडेने चालत आलो. मामा हातात एक दगड घेऊन वाटेतली ढिली दिसेल ती चाबी ठोकत होते. मी म्हटलं, ही तुमची लाईन नाही. ते म्हणाले, गाडीले थोडी मालूम हाय.

हे सगळं ऐकून कुणाला मामा फार हुशार वाटतील. ते तसे नव्हते. ग्रंथ ते बोट ठेवून, शब्द जोडत वाचत. लिहायला सहीपुरतं येई. भाषण करायला उभे राहिले की जयभीम म्हणून बसत. त्यांच्यापाशी चीज एकच होती. ते खोटं बोलत नसत.

खोटं न बोलणारी माणसं मी पुढेही पाहिली, पण त्यांतल्या बहुतेकांना त्याचा अभिमान असतो आणि तो ऐकून घ्यावा लागतो. मामांना तसलं काही नव्हतं. रोज पंचशील म्हणायचं आणि चौथ्या शीलात खोटं बोलणार नाही असं कबूल करायचं, मग बोलून कसं चालेल, एवढंच. एका गोटमारीनंतर पोलिसांनी वस्तीतला एक पोरगा धरला आणि मामांना विचारलं, हा होता का? मामा म्हणाले, "होता. दोन गोटे मारले, म्या पाह्यले. तिसरा नाई मारला." ज्याचं डोकं फुटलं होतं त्याला तिसराच लागला होता. फौजदाराने पोराला सोडून दिलं. सोयरीक करायला दुरून आलेली माणसं मुलाच्या घरी जाण्याआधी मामांच्या दारात जात: पोरगा पितो का, जुगार खेळतो का? मामा असेल ते सांगत. त्यापायी दोन लग्नं मोडली. मुलांच्या बापांनी मामांना शिव्या दिल्या, आणि स्वतःच्या मुली द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडेच विचारायला आले. मामा म्हणाले तर तसं असेल, हे आमच्या वस्तीत कागदाहून पक्कं धरत.

मूर्तीचं मामांच्या मनात कधी आलं, ते मला सांगता येणार नाही. पोरं दरवर्षी गळतात याचा त्यांना राग नव्हता, पण थकवा होता. पन्नाशी आली होती, गुडघे बोलू लागले होते. एका वैशाखात विटा रचता रचता म्हणाले, "नुसत्या भिताडात कोन थांबते? घरात कोनी बसलेलं दिसलं, तं पोट्टे बसतात." म्हणजे आत बुद्धाची मूर्ती असती तर मुलं नऊ महिने पांगली नसती, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला नाही. कापूस वेचायला जाणारा मुलगा मूर्ती पाहून थांबेल, याचं कारण मला दिसेना. पण मामांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागायचं ठरवलं होतं.

पुण्याला एक निवृत्त साहेब होते. मुंबईच्या मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले. ते परदेशातून आलेल्या मूर्ती तयार विहारांना देत असत. त्यांच्या संस्थेच्या शाळाही होत्या, आणि त्यांतल्या एका शाळेत मराठीच्या मास्तराच्या जागेसाठी मी अर्ज केलेला होता. मामांना हे ठाऊक होतं. त्या वर्षी साहेबांकडे एक मूर्ती होती, आणि तिच्यासाठी सौसरच्या मंडळानेही पत्र घातलं होतं. सौसरचा विहार पुरा झालेला होता, त्याला स्लॅब होता, ट्यूबलाईट होती. नव्हती ती फक्त मूर्ती.

मामांनी मला पत्र सांगितलं. त्याआधी महिनाभर आमचं पत्रांच्या भाषेवरून बिनसलं होतं. मामा सांगत त्या वऱ्हाडीचं मी पुस्तकी मराठी करून लिहीत असे. एकदा एक पत्र त्यांनी बोट ठेवून वाचलं, आणि त्यात 'सविनय' आणि 'कृपाभिलाषी' असे दोन शब्द सापडल्यावर म्हणाले, "हे म्या कधी म्हनलं? माह्या बोलन्याले इस्त्री नको मारू. सांगतो तसंच लिही." मला ते लागलं. माझ्याजवळ विकण्यासारखी तेवढी एकच कला होती.

तर मामांनी सांगितलं: आमी पांढुर्ण्याले विहार बांधून राहिलो. आता मूर्ती पायजे.

माझा पेन थांबला. आमच्याकडे बांधून राहिलो म्हणजे बांधत आहोत, काम चालू आहे. जेवून राहिलो म्हणजे अजून ताट पुढ्यात आहे. पण पुण्याचा माणूस हे वाचून काय समजेल, ते मला लख्ख दिसत होतं: विहार बांधला आणि आता त्यात राहत आहोत. 'बांधत आहोत' लिहायला कष्ट नव्हते. पण इस्त्री नको होती ना? मग नको. मी 'पांढुर्ण्याले'चं 'पांढुर्ण्याला' केलं, तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवलं. मामांनी बोट ठेवून वाचलं आणि समाधानाने सही केली. मला वाटलं, साहेब फार तर हसतील.

साहेब हसले नाहीत. भाद्रपदात त्यांचं उत्तर आलं आणि मी ते वाचनाच्या वेळी, ताडपत्रीखाली, सगळ्यांसमोर वाचलं. आपण विहार बांधून तेथे वास्तव्य करीत आहात हे वाचून ऊर भरून आला, असं त्यात होतं. आश्विन पौर्णिमेला ते स्वतः मूर्ती घेऊन येत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगितलं. पहिला आनंद ओसरल्यावर वस्तीतल्या एका जुन्या पुढाऱ्याने डोक्यावरच्या ताडपत्रीकडे पाहिलं आणि उपाय सुचवला. समोरची भिंत तेवढी वर न्या, चुना मारा, बाकी तिन्ही बाजूंनी कनात लावा, वर मांडव घाला. "साहेब मांगून थोडी पाहीन," तो म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. मामांनी मला पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मग ग्रंथ उघडून बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिगावला लाईनीवर गेलो. मामा त्यांच्या तुकड्यावर चालत होते. मी बाजूने चालू लागलो. त्यांनी विचारलं, "साहेबाले कोनं सांगतलं आपला विहार झाला म्हून?"

"आपल्याच पत्रानं," मी म्हटलं, आणि समजावून सांगितलं. त्यांनी मला दोन्ही वाक्यं म्हणायला लावली, आपलं आणि पुण्याचं. मग एका चाबीवर हातोडा मारला. ती घट्टच होती. तिच्यावर पुन्हा मारला.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुम्हीच म्हणाले होते, बदलू नको."

"बदलू नको म्हनलं होतं," मामा म्हणाले. "सांगू नको नोतं म्हनलं."

समोरून मालगाडी येत होती. आम्ही रुळाच्या बाजूला झालो, ती जाईपर्यंत उभे राहिलो, आणि ती गेल्यावर मामांनी ठरवलेलं सांगितलं. ते पुण्याला जाऊन साहेबांना समक्ष सांगणार होते. मी म्हटलं, पत्र टाकू. ते म्हणाले, चिठ्ठीनं बिघडलं ते चिठ्ठीनं निस्तरत नाही. मी म्हटलं, मग मी येतो, व्याकरण मला समजावता येईल. ते म्हणाले, "तुहा अर्ज हाय तेथी. तू तोंड नको दाखवू."

ते रेल्वेचा पास काढून गेले. चौथ्या दिवशी परतले तेव्हा मी स्टेशनवर होतो. धोतर मळलं होतं, आणि गेले तेव्हापेक्षा काही वर्षांनी म्हातारे दिसत होते, पण ते प्रवासामुळे असेल असं मी धरून चाललो. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाले, की मूर्ती सौसरला जाते, आणि मूर्ती जड आहे, सौसरच्या लोकांना उचलणं जमायचं नाही, तेव्हा आपण दौरा काढू.

वस्तीने मामांना माफ केलं नाही. दारात आलेला बुद्ध यानं परत पाठवला, असं तो पुढारी घरोघर सांगत फिरला. एका कनातीचं काम होतं, तेवढंही याच्याने झालं नाही. वाचनाची पोरं चाळीसवरून अकरावर आली. कापूस फुटायला अजून अवकाश होता, म्हणजे या वर्षीची गळती ऋतूमुळे नव्हती. मामा अकरांना वाचून दाखवत. त्यांचं बोट पूर्वीपेक्षा हळू सरकत होतं.

आश्विन पौर्णिमेला सकाळच्या बसने आम्ही सौसरला गेलो. पाच पोरं, मामा आणि मी. मूर्ती ट्रकमध्ये गवतात बसवलेली होती. सौसरच्या मंडळाने स्वागतासाठी कमान केली होती, बँड सांगितला होता, पाहुण्यांच्या खुर्च्यांना अभ्रे घातले होते. दाराची रुंदी मात्र कुणी मोजली नव्हती. मूर्ती आत जाईना. सौसरचे अध्यक्ष आणि सचिव एकमेकांकडे पाहू लागले. मामांनी सब्बल, म्हणजे पहार, मागवली, चौकट सबंध उपटून बाजूला ठेवली, लाकडी गोल ओंडके टाकले, आणि रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सरकवताना देतात तशी हाळी दिली. दोन तासांत मूर्ती जागेवर बसली. मामांनी धोतराच्या सोग्याने तिच्यावरचं गवत पुसलं आणि दोन पावलं मागे येऊन सरळ बसली का ते एक डोळा मिटून पाहिलं, रूळ पाहतात तसं. त्यानंतर साहेब मोटारीतून आले आणि त्यांच्या हस्ते मूर्तीची स्थापना झाली.

साहेबांचं भाषण चांगलं होतं. शुद्ध होतं, वाक्यं पुरी होत होती, मध्येच पाणी प्यायचं त्यांना कळत होतं. सत्य या विषयावर येऊन ते थांबले आणि म्हणाले की ही मूर्ती आज इथे का आहे, ते सांगणं त्यांचं कर्तव्य आहे. "शेजारच्या गावच्या एका कार्यकर्त्यानं मूर्तीच्या मोहानं मला असत्य कळवलं. तो मला भेटायला आला, तेव्हा मी पत्र पुढं ठेवून विचारलं, हे असत्य कोणाचं? तुझं, की लिहिणाऱ्याचं? तो म्हणाला, लिहिणाऱ्यानं मी सांगितलं तेच लिहिलं, खोटं मी बोललो. मी त्याला क्षमा केली आहे. तो आज इथं सेवा करतो आहे." आणि त्यांनी दाराकडे हात केला.

सगळा मांडव वळला. मामा उपटलेल्या चौकटीपाशी सब्बल धरून उभे होते. हजेरीत नाव पुकारल्यावर माणूस मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली. टाळ्या झाल्या. पांढुर्ण्याचीही माणसं तिथे होती. तो पुढारी होता, सोयरिकीच्या चौकशीला येणारी दोन-तीन घरं होती. ती एकमेकांशी बोलू लागली.

मी तिसऱ्या रांगेत होतो. उभं राहून सांगण्यासारखं वाक्य माझ्याकडे तयार होतं. मुद्दा व्याकरणाचा होता, दोन मिनिटांत समजावता आला असता, आणि त्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला तो कळला असता, कारण साहेब सोडून सगळे तसंच बोलत होते. मी वाक्य मनात एकदा नीट लावून घेतलं. तोवर टाळ्या संपल्या आणि पुढचा वक्ता उभा राहिला. कार्यक्रमानंतर साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही त्या मंडळाचे सचिव ना? तुमचा अर्ज पाहिला," ते म्हणाले. "अक्षर सुरेख आहे." मी आभार मानले.

परतीच्या बसमध्ये पोरं मागे बसून गाणी म्हणत होती. मी मामांशेजारी बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता.

"मामा, तुम्ही खोटं बोलले," मी म्हटलं.

"हो."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. आधी त्यांनी खरंच सांगितलं होतं, की आमच्याकडे असंच बोलतात. साहेब म्हणाले, मराठी ती मराठी, आणि पत्र लिहिणारा तर मराठीचा पदवीधर आहे, त्याला अर्थ कळत नव्हता असं कसं होईल? तेव्हा दोघांतला एकजण खोटा आहे. कोण, ते सांगा. माझ्या अर्जाचा कागद त्याच टेबलावर होता. मामांनी माझं अक्षर ओळखलं होतं.

"साहेब दोनच नावं मांगून राह्यले होते," मामा म्हणाले. "तुले अजून नौकरी लागाची हाय. मले आता का लागाचं हाय?"

मामा खिडकीला डोकं टेकून झोपले. दिवसा झोपलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वर्षावासाची सांगता करायची होती. ताडपत्रीखाली अकरा पोरं जमली आणि काही बाया. पुढारी आला नव्हता. मामांनी मेणबत्ती लावली. पद्धत अशी, की मामा एकेक ओळ म्हणत आणि आम्ही ती मागून म्हणायची. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग मामा थांबले.

मला वाटलं विसरले. पण उभं आयुष्य रोज म्हटलेली ओळ माणूस विसरत नाही. ते हात जोडून बसले होते आणि माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात राग नव्हता. ती ओळ म्हणायचा आपला हक्क राहिला नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं, आणि कुणीतरी ती म्हणायला हवी होती. पोरं वाट पाहत होती. मी म्हटलं, "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि." पोरांनी मागून म्हटलं. मामा गप्प राहिले. पाचवं शील पुन्हा त्यांनी घेतलं.

त्यानंतर तसंच ठरून गेलं. पुढच्या जूनमध्ये मला साहेबांच्या शाळेत नोकरी लागली आणि मी पांढुर्णा सोडलं. तोवर रोज चौथी ओळ मी म्हणत होतो. माझे उच्चार अगदी शुद्ध होते.